पूर्वग्रह की झुकतं माप? वर्गातल्या एका गोंधळाची पार्श्वभूमी

डी.एड. झालेल्या शिक्षकाला 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा गाभाघटक, म्हणजे सगळ्यांच्या अभ्यासक्रमात समान असायला हवेत असे मुद्दे, तोंडपाठ असतात. त्यांत स्त्री-पुरुष समानता आहे, वैज्ञानिक दृष्टिकोन आहे आणि ‘सामाजिक अडसर दूर करणे’ हेही आहे. अडसर म्हणजे दाराला आतून लावलेलं आडवं लाकूड. ते डोळ्यांना दिसतं, हाताने काढून ठेवता येतं. धोरणाला जे अडसर अभिप्रेत होते ते बरेचसे माणसांच्या मनात होते. ते ओळखायचे कसे, एकाला दुसऱ्यापासून वेगळं कसं करायचं, हे मुलांना शिकवा असं त्या यादीत कुठे म्हटलेलं नव्हतं. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रात मूल्यशिक्षणाचा तास आला, परिपाठात समानतेच्या गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. भेदभाव करू नये, हे मुलांना पाठ झालं. आपण आत्ता जे बोललो त्यात भेदभाव होता का, हे तपासायची सवय मात्र लागली नाही. आज वर्गात पूर्वग्रह आणि झुकतं माप यांची जी गल्लत होते, त्या गोंधळाचं एक मूळ मला इथे दिसतं.

दुसरं मूळ शब्दात आहे. इंग्रजीतल्या ‘बायस’ आणि ‘प्रेज्युडिस’ या दोन्हींसाठी मराठी प्रशिक्षणांत सर्रास ‘पूर्वग्रह’ हा एकच शब्द वापरला जातो. हिंदीतून आलेल्या साहित्यात तो ‘पूर्वाग्रह’ होऊन येतो आणि शिक्षकही तसंच लिहू लागतात. ही केवळ शुद्धलेखनाची बाब नाही. आग्रह धरणारा माणूस काहीतरी उघडपणे लावून धरतो. ‘ग्रह’ तसा नसतो. ‘माझा त्याच्याविषयी वाईट ग्रह झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा मनाने काहीतरी पकडून ठेवलेलं असतं, बोललेलं काहीच नसतं. पूर्वग्रह म्हणजे माणूस भेटायच्या आधीच झालेला ग्रह. प्रेज्युडिसला हा शब्द चपखल बसतो.

बायसचं तसं नाही. त्यासाठी आपल्याकडे वेगळे आणि फार चांगले शब्द आहेत: झुकतं माप, डावं-उजवं करणं, पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांना वाढताना एकाला जास्त, दुसऱ्याला कमी असं करणं म्हणजे पंक्तिप्रपंच. वाढणाऱ्याच्या मनात कोणाविषयी अढी असेलच असं नाही. त्याने फक्त आपल्या भाच्याच्या पानात तुपाची धार जरा जास्त धरली. उलट, ज्याच्या मनात अढी आहे तो चारचौघांदेखत सगळ्यांना सारखं वाढू शकतो. म्हणजे द्वेष नसतानाही माप झुकतं, आणि ग्रह असूनही माप सरळ राहू शकतं. संख्याशास्त्रात तर मनाचा संबंधच नसतो. तिथे बायसला ‘अभिनती’ म्हणतात. मुलं शाळेला दांडी का मारतात, हे फक्त हजर असलेल्या मुलांना विचारलं तर उत्तर एका बाजूला झुकणारच; विचारणाऱ्या गुरुजींचा हेतू कितीही निर्मळ असो. या सगळ्याला ‘पूर्वग्रह’ म्हटलं की मुलाला वाटतं, ‘तू चुकलास’ म्हणजे ‘तुझं मन वाईट आहे.’ मग ते चूक कबूल करत नाही.

बाहेरच्या जगात हा विषय वेगवेगळ्या कारणांनी वर्गात शिरला. ‘स्टिरिओटाइप’ हा छापखान्यातल्या ठशाचा शब्द 1922 मध्ये माणसांविषयीच्या साचेबंद कल्पनांसाठी वापरला गेला आणि रूढ झाला. 1937 मध्ये अमेरिकेत प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी निघाली आणि ती शाळांपर्यंत गेली. तेव्हा भीती युरोपातल्या हुकूमशहांच्या भाषणांची होती. 1968 च्या एप्रिलमध्ये तिथल्याच आयोवा राज्यातल्या एका शिक्षिकेने तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली आणि एका गटाला दिवसभर कमी लेखलं. तो प्रयोग अजून वादग्रस्त आहे, कारण भेदभाव कळावा म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर भेदभावच केला गेला. सत्तरच्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी निर्णय घेतानाच्या चुकांना ‘बायस’ म्हणायला सुरुवात केली आणि शब्दाचा अर्थ आणखी फाकला. आपल्याकडे 1961 मध्ये भावनिक एकात्मतेसाठी नेमलेल्या समितीने पाठ्यपुस्तकांकडे लक्ष वेधलं होतं. पण त्या काळचा रोख पुस्तकातून काय काढावं यावर होता.

भारतातल्या शालेय पुस्तकात ‘ओळखा आणि वेगळं करा’ ही रीत पहिल्यांदा नीट आली ती, माझ्या मते, 2006 मध्ये. आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावर आधारलेल्या, ‘एनसीईआरटी’ या केंद्रीय संस्थेच्या सहावीच्या पुस्तकात ‘विविधता आणि भेदभाव’ असा धडा होता. त्यात खेड्यातल्या आणि शहरातल्या लोकांविषयी काही विधानं एकत्र दिली होती. निम्म्याहून जास्त भारतीय खेड्यात राहतात, पेरणी-कापणीच्या दिवसांत कुटुंबं बारा-चौदा तास शेतात राबतात, अशी विधानं होती. त्यांच्याच शेजारी खेड्यातले लोक अंधश्रद्धाळू असतात, शहरातले आळशी आणि पैशामागे लागलेले असतात, असली विधानंही होती. कोणतं पटतं ते मुलांनी सांगायचं. पहिल्या प्रकारचं विधान मोजून पाहता येतं, दुसऱ्या प्रकारचं विधान म्हणजे आधीच लावलेला निकाल असतो. हे मुलांना स्वतःच्याच उत्तरांतून कळत जातं. मग धड्यात पूर्वग्रह, साचेबंद प्रतिमा आणि भेदभाव हे तीन शब्द पायरीपायरीने येत. लोक आपल्या पूर्वग्रहाप्रमाणे वागू लागतात तेव्हा भेदभाव होतो, ही त्यातली मांडणी आजही वर्गात उपयोगी पडते.

त्याच धड्यात बाबासाहेबांची 1901 ची आठवण होती. वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघालेले बाबासाहेब आणि सोबतची घरातली मुलं मसूर स्थानकावर उतरली. कपडे नीटनेटके. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करत होता, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. मग बैलगाडीवाले दुप्पट भाडं मिळत असूनही गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. शिक्षकाला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? बदललेला चेहरा हा पूर्वग्रह. गाडी हाकायला नकार हा भेदभाव. आणि मुलांच्या कपड्यांवरून ती वरच्या जातीची असणार असं स्टेशनमास्तरने आधी गृहीत धरलं होतं, ती साचेबंद प्रतिमा. ती मुलांच्या बाजूने होती म्हणून आपल्या नजरेतून निसटते, एवढंच. कोरेगाव-मसूर आपल्याच सातारा जिल्ह्यातली, पण हा धडा मराठी माध्यमाच्या राज्य मंडळाच्या मुलांच्या हातात नव्हता.

राज्य मंडळाच्या वाट्याला आला तो 2017 चा वाद. बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याची कारणं दिली होती आणि त्यांतलं एक कारण ‘कुरूपता’ होतं. मुलगी कुरूप आणि अपंग असेल तर तिचं लग्न होणं फार अवघड जातं, मुलाकडचे जास्त हुंडा मागतात, पालक हतबल होऊन तो देतात, असा मजकूर होता. फेब्रुवारीत तो पानासकट समाजमाध्यमांवर फिरला आणि संतापाची लाट उसळली. तो वगळण्याचं आश्वासन सरकारी पातळीवरून लगेच मिळालं.

त्या दिवसांत दोन बाजू पडल्या. एक म्हणत होती, पुस्तक मुलींचा अपमान करतंय. दुसरी म्हणत होती, समाजात हे घडतंच, पुस्तकाने फक्त नोंद केली, आरसा फोडून काय साधणार? दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. पण त्या वाक्याच्या रचनेकडे फार थोड्या लोकांनी पाहिलं. ‘मुलगी कुरूप असेल तर’ हे म्हणतंय कोण? लेखक स्वतःच्या आवाजात म्हणतोय. ‘मुलाकडचे जिला कुरूप ठरवतात’ असं लिहिलं असतं तर ती समाजाची नोंद झाली असती. मूळ वाक्यात कुरूपता हा मुलीचा गुण झाला, उंची किंवा वजनासारखा. दुसरी गोष्ट कारणाची. हुंडा मागतो मुलगा आणि त्याचं घर, पण कारणांच्या यादीत नाव लागलं मुलीच्या चेहऱ्याचं. तिसरी गोष्ट अपंगत्वाला कुरूपतेच्या जोडीला बसवण्याची. एका ओळीत तीन वेगळ्या चुका होत्या, आणि त्या वेगळ्या करून पाहणं हाच बारावीच्या वर्गासाठी उत्तम तास झाला असता. लेखकाच्या मनात मुलींविषयी अढी होती असं मानायचं कारण नाही. हुंड्याविरुद्धच तो लिहीत होता. विरोध करतानाही माप कसं झुकतं, याचं ते छापील उदाहरण होतं.

मजकूर काढला, ते बरोबरच झालं. परीक्षेसाठी मुलं तो मुद्दा पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवणार होती, आणि मुलींना स्वतःच्या हाताने तो लिहावा लागणार होता. एवढं कारण मला पुरेसं वाटतं. पण काढताना तो का काढला, नेमकं काय चुकलं होतं, हे वर्गात कोणी समजावून सांगावं अशी सोय कुठे केली गेली नाही. वाक्य गेलं, वाचायची नजर मिळाली नाही. मी तेव्हा शिक्षक प्रशिक्षणाच्या कामात होतो. पुढची दोन-तीन वर्षं मी ते वाक्य फळ्यावर लिहून शिक्षकांकडून पुन्हा लिहवून घेत असे. बहुतेक जण आधी ‘कुरूप’ खोडून ‘दिसायला सामान्य’ लिहीत. वाक्याचा कर्ता बदलायला हवा, हे ध्यानात यायला अर्धा तास लागायचा.

2019 मध्ये दुसरीच्या नव्या पुस्तकांतल्या चित्रांची चर्चा झाली. आई-बाबा दोघं मिळून पालेभाजी निवडतायत, डॉक्टर बाई आहे, वाहतूक पोलीसही बाई आहे. चित्रं बदलली याचा मनापासून आनंद झाला. सात वर्षांच्या मुलाला व्याख्या सांगून काही होत नाही, चित्रातून खूप काही होतं. त्याआधी 2008 नंतर मुंबईत सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत लिंगभावावर खेळ, चर्चा आणि नाटुकल्यांतून काम झालं होतं, आणि तिथे मुलांनी घरातल्या कामांच्या याद्या स्वतः केल्या होत्या.

त्याच 2019 मध्ये दहावीच्या निकालाने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, अभिनतीचा धडा दिला. भाषा विषयांचे शाळेच्या हातातले 20 गुण त्या परीक्षेपुरते काढून टाकले होते, कारण शाळा ते सढळ हाताने वाटतात अशी तक्रार होती. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण या एकाच कारणाची म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. शिक्षकांनी आपल्याच मुलांना दिलेलं झुकतं माप कोणाच्या द्वेषातून आलेलं नव्हतं, मायेतूनच आलं होतं. लेखी पेपरावर मात्र नाव नसतं, बैठक क्रमांक आणि बारकोड असतो. तपासणाऱ्याच्या मनात काय आहे हे मंडळ विचारत नाही, माप झुकायची वाटच बंद करते. पूर्वग्रह घालवणं आणि पक्षपात रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे नववी-दहावीच्या मुलांना याहून जवळचं उदाहरण देऊन सांगता येणार नाही.

2020 च्या धोरणात या विषयावर वाक्य आहे: शालेय अभ्यासक्रमातले पूर्वग्रह आणि साचेबंद कल्पना काढून टाकल्या जातील. पुन्हा काढून टाकणंच. 2024 मध्ये सहावीची सामाजिक शास्त्रांची तीन पुस्तकं जाऊन देशपातळीवर एकच आलं. त्यात ‘विविधतेत एकता’ असा धडा आहे. ‘विविधता आणि भेदभाव’ या नावाचा नाही. दरम्यान 2015 पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड.मध्ये लिंगभाव, शाळा आणि समाज हा विषय आला. तो शिकलेले शिक्षक आता वर्गांत उभे आहेत. त्यांच्यासमोरची मुलं मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला प्रश्न विचारतात, आणि वर्तमानपत्रं त्या यंत्राच्या ‘पूर्वग्रहा’विषयी लिहितात. यंत्राला ग्रह होत नाही. त्याला दिलेली माहितीच झुकलेली असते, हजर मुलांनाच विचारलेल्या त्या प्रश्नासारखी.