हेडसेट दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी: ग्राउंड इंटरफोन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या अनेक ग्राउंड हेडसेटांच्या (विमानाजवळ जमिनीवर उभे राहून वैमानिकांशी बोलण्याच्या संचांच्या) चिठ्ठीवर ‘कॉकपिटशी संपर्क होत नाही’ एवढेच लिहिलेले असते आणि तपासणीच्या टेबलावर जोडताच त्यांतले बरेचसे हेडसेट व्यवस्थित बोलू लागतात. तोवर आपल्या रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, एक संच कमी पडलेला असतो. नागपूर विमानतळावरील ग्राउंड हँडलिंग एजन्सी आणि चार्टर चालकांना हा हेलपाटा पडू नये, म्हणून पुढील माहिती दिली आहे.

बहुतेक वेळा चूक प्लग लावताना होते. बोइंग ७३७ च्या नाकाच्या उजव्या बाजूस, बाहेरून वीजपुरवठा जोडण्याच्या पॅनलवर, इंटरफोनचे (तारेवरून बोलण्याच्या यंत्रणेचे) दोन जॅक असतात. ‘फ्लाइट’ जॅक थेट वैमानिकांच्या इंटरफोनशी जोडलेला असतो, तर ‘सर्व्हिस’ जॅक देखभाल कर्मचाऱ्यांच्या आपापसातील संभाषणासाठी असतो. कॉकपिटमधील सर्व्हिस इंटरफोनचा स्विच बंद असेल, तर बाहेरचे सर्व्हिस जॅक निकामी राहतात. मात्र वैमानिक आणि केबिन क्रू यांचे बोलणे त्या स्विचवर अवलंबून नसल्यामुळे आतल्यांना काही अडल्याचे जाणवत नाही. त्यातच वैमानिकाने ग्राउंड कॉलचे बटण दाबले, की पुढच्या चाकाच्या खोबणीतला हॉर्न वाजतो, आणि हॉर्न वाजतो म्हणजे विमानाची यंत्रणा ठीक आहे असे समजून सगळा दोष हेडसेटच्या माथी मारला जातो. पुशबॅकसाठी (विमान मागे ढकलण्यासाठी) प्लग फ्लाइट जॅकमध्येच आणि शेवटपर्यंत दाबून बसवावा. इतर विमानांवर पॅनलची मांडणी वेगळी असते. तेथे जॅकवरील अक्षरे वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

दुसरी सवय आम्हाला अधिक खटकते. काही कर्मचारी बोलण्याचे बटण रबर बँड किंवा चिकटपट्टी लावून कायम दाबून ठेवतात, म्हणजे टोबारजवळ (विमान ढकलण्याच्या दांड्याजवळ) हात मोकळे राहतात. अशाने ए.पी.यू.चा (विमानातल्या छोट्या सहायक इंजिनाचा) आणि सुरू होणाऱ्या इंजिनाचा आवाज अखंडपणे वैमानिकांच्या कानावर आदळतो. साहजिकच ते आवाज कमी करतात, आणि मग ‘पार्किंग ब्रेक लावा’ हे नेमके आवश्यक वाक्य त्यांना ऐकू जात नाही. बोलतानाच बटण दाबावे, मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ धरावा आणि ब्रेक लावल्याचे किंवा सोडल्याचे उत्तर वैमानिकाकडून ऐकल्याशिवाय पुढचे काम करू नये. नुसते ‘ओके’ हे उत्तर नव्हे. (चिकटपट्टीचा गोंद बटणात उतरलेला असला, तर बटणाचा संच बदलावाच लागतो, आणि तो खर्च हमीत बसत नाही.)

संपर्क खरोखरच तुटला, तर आंतरराष्ट्रीय नियमांत ठरवून दिलेल्या हातांच्या खुणा वापराव्यात. दोन्ही हात बाजूला सरळ पसरून मग तळवे कानांवर नेले, की ‘इंटरफोनवर या’ असा अर्थ होतो. मात्र बोलणे शक्य असताना खुणांवर काम भागवणे योग्य नव्हे.

दोष न आढळलेल्या हेडसेटवरही आम्ही तपासणी शुल्क का घेतो, असे वारंवार विचारले जाते. निर्दोष संच ‘निर्दोष आहे’ असे लेखी देण्यापूर्वी केबल वाकवून, ओढून आणि गोंगाटात बोलून पाहावे लागते. नुसते कानाला लावून परत करणे आम्हाला पटत नाही. चिठ्ठीवर विमानाचा प्रकार, वापरलेला जॅक, आणि ऐकू येत नव्हते की बोललेले पोहोचत नव्हते, एवढे लिहिल्यास आमचे काम निम्म्यावर येते. ऐकू न येण्याचा दोष सहसा कानाजवळच्या स्पीकरमध्ये किंवा तारेत आणि बोललेले न पोहोचण्याचा मायक्रोफोनमध्ये किंवा बटणात सापडतो.

मे महिन्यात टगच्या (विमान ढकलणाऱ्या वाहनाच्या) डॅशबोर्डवर हेडसेट ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात कानांच्या गाद्या कडक होऊन फाटतात आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. गाद्या, केबल आणि बटणांचे संच आमच्याकडे तयार असतात. दुरुस्तीच्या काळात पर्यायी हेडसेट भाड्याने मिळतो. वार्षिक देखभाल करार केलेल्या ग्राहकांकडून त्याचे भाडे घेतले जात नाही.