परतीचे दोर कापायची थिअरी : धंद्यातल्या गेम थिअरीची पार्श्वभूमी

2005 चा उन्हाळा मुंबईत पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. डीएनए नावाचा नवा इंग्रजी पेपर येणार म्हणून रस्तोरस्ती होर्डिंग्ज लागली होती, हिंदुस्तान टाइम्सही मुंबईत उतरणार होता, आणि हे दोघं यायच्या आतच 30 मे ला टाइम्सवाल्यांनी स्वतःच मुंबई मिरर काढला. मग एचटी आला 14 जुलैला, डीएनए 30 जुलैला. म्हणजे या शहरात ज्याचं आधीपासून बस्तान होतं त्यानेच, समोरचा दारात यायच्या आधी, पैसे ओतून, माणसं घेऊन, आपलाच दुसरा पेपर बाजारात आणला. असं का करतात हे समजायला बरंच मागे जावं लागतं, आणि त्या उत्तराचा एक मोठा तुकडा मुंबईतच जन्मलेल्या माणसाने लिहिलाय, ज्याचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहितीये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवायचं गणित, म्हटलं की लोकांना बुद्धिबळ किंवा पत्ते आठवतात, पण याची मुळं दुकानदारीतच आहेत. 1838 मधे ऑग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने उदाहरण घेतलं ते असं की दोन मालक, दोघांकडे मिनरल वॉटरचा एकेक झरा, गिऱ्हाईक तेच. कुणी किती पाणी बाजारात आणायचं? मी जास्त आणलं की भाव पडतो, माझाही आणि त्याचाही, त्यामुळे माझा आकडा त्याच्यावर अवलंबून आणि त्याचा माझ्यावर. कूर्नोने गणित करून दाखवलं की दोघं अशा एका जागी येऊन थांबतात जिथून एकट्याने हलण्यात कुणाचाच फायदा नसतो. 45 वर्षांनी, 1883 मधे जोसेफ बर्त्राँने यावर बोट ठेवलं, त्याचं म्हणणं विकणारा भाव ठरवतो, माल किती ते नंतर, आणि माल एकसारखा असेल तर एकाने भाव जरा पाडला की सगळं गिऱ्हाईक तिकडे, मग दुसरा पाडतो, असं करत करत दोघं पार खरेदीच्या किमतीवर येतात. दादर स्टेशनबाहेर शेजारी शेजारी बसून तीच कोथिंबीर विकणाऱ्या दोघांकडे दहा मिनिटं बघा, बर्त्राँ समजतो. आणि धंदेवाला ब्रँड, चव, उधारी, जुनी ओळख यावर एवढा जीव का टाकतो तेही समजतं.

1929 मधे हॅरॉल्ड हॉटेलिंगने जागेचा प्रश्न घेतला, एकाच रस्त्यावरचे दोन विक्रेते एकमेकांपासून लांब जायचं सोडून मधे येऊन चिकटून का बसतात ते त्याने मांडलं. 1944 मधे जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचं जाडजूड पुस्तक आलं आणि गेम थिअरी हा स्वतंत्र विषय झाला, पण त्यातलं सगळ्यात पक्कं गणित होतं एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं तेवढंच नुकसान अशा डावांचं. धंदा तसा नसतो, तिथे दोघंही कमावू शकतात आणि दोघंही बुडू शकतात. ही अडचण सुटली 1950 मधे, जॉन नॅशच्या 28 पानांच्या प्रबंधात, तेव्हा तो जेमतेम 21 वर्षांचा होता. कूर्नोची ती 'कुणालाच एकट्याने हलावंसं वाटत नाही' अशी जागा नॅशने कितीही खेळाडूंच्या कुठल्याही डावासाठी सिद्ध केली, खेळाडू आणि चाली मोजता येतील इतक्याच असल्या की झालं. त्याच वर्षी रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक छोटा डाव रचला, अल्बर्ट टकरने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. दोघंही गप्प राहिले तर दोघांचंही भलं, पण प्रत्येकाला वाटतं आपणच आधी तोंड उघडून सुटावं, आणि दोघंही फसतात. संगनमताने भाव वर धरून ठेवणाऱ्या कंपन्यांची अवस्था डिट्टो हीच असते.

माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने खरं वळण 1960 चं. त्या वर्षी थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने मांडलं की स्वतःचे पर्याय कमी करणं हीच कधीकधी ताकद असते. आपल्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही, सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ती गोष्ट आपण शाळेपासून ऐकतोय. फरक एवढाच की सूर्याजीने ते आपल्या मावळ्यांसाठी केलं, शेलिंगच्या हिशेबात दोर कापलेले समोरच्याला दिसले पाहिजेत, नाहीतर धमकी पोकळ.

आणि इथे येतात ते मुंबईचे अर्थतज्ज्ञ, अविनाश दीक्षित. 1944 मधे मुंबईत जन्म, सेंट झेवियर्समधून गणित आणि फिजिक्स घेऊन 1963 ला बीएस्सी, मग केंब्रिज, मग एमआयटी. जुने अर्थतज्ज्ञ धरून चालायचे की नवा कुणी धंद्यात उतरला तरी जुनी कंपनी उत्पादन तेवढंच ठेवेल, आणि भाव पडायच्या भीतीने नवा येणारच नाही. 1980 च्या लेखात दीक्षितांनी साधा प्रश्न लावून धरला, की नव्या येणाऱ्याने यावर विश्वास का ठेवावा? तो आत आल्यावर भांडण्यात जुन्याचंही नुकसानच असेल तर जुना मुकाट्याने जुळवून घेईल. मग धमकी खरी कधी वाटते? जेव्हा जुन्याने आधीच जादा मशिनरी बसवलेली असते, परत न मिळणारा पैसा घातलेला असतो. तो खर्च होऊन गेलेला असल्यामुळे आता माल काढणं आणि भांडणं त्याला स्वस्त पडतं, म्हणजे दोर कापलेले आहेत आणि ते बाहेरून दिसतायत. नव्या स्पर्धकाला रोखण्याबद्दल बिझनेस स्कूलमधे आज जे शिकवतात त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे. 2016 मधे त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता परत 2005 कडे. टाइम्सवाल्यांनी हा लेख वाचून मिरर काढला असं मी म्हणत नाहीये, पण चाल त्याच जातीची आहे. तरी डीएनए आणि एचटी थांबले नाहीत, आणि मला वाटतं कारण सरळ आहे, मिरर आला तोपर्यंत त्यांनीही ऑफिसं थाटली होती, पत्रकार घेतले होते, त्यांचेही दोर कापलेले होते. दोन्हीकडे दोर कापलेले असले की मग लढाईच होते. डीएनएची मुंबईतली छापील आवृत्ती ऑक्टोबर 2019 मधे बंद झाली, मिररचा रोजचा अंक डिसेंबर 2020 मधे.

आकडेमोड करून समोरच्याचा हात ओळखायचं एक सुंदर उदाहरण पण मुंबईतलंच, 20 फेब्रुवारी 2008, आयपीएलचा पहिला लिलाव. प्रत्येक टीमकडे 50 लाख डॉलर, आणि नियम असा की आयकॉन प्लेअरला, म्हणजे लिलावात न उतरवता शहराच्या टीमला आधीच दिलेल्या स्टार खेळाडूला, टीममधल्या सगळ्यात महागड्या खेळाडूपेक्षा 15 टक्के जास्त द्यायचे. चेन्नईकडे आयकॉन नव्हता. मुंबईकडे सचिन होता, म्हणजे धोनीला 15 लाख दिले की सचिनला सव्वासतरा लाख, दोघांतच सव्वाबत्तीस लाख गेले. तीच बोली चेन्नईला 15 लाखांची आणि मुंबईला दुपटीहून जास्त महाग, आणि हा हिशेब समोरच्यालाही करता येत होता. धोनी 15 लाखांना चेन्नईकडे गेला.

सरकारांनीही गेम थिअरीचं हे हत्यार उचललं. 1994 मधे अमेरिकेत पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांच्या डिझाइनवर स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइलसारख्या सेवांना लागणाऱ्या रेडिओ लहरींचा, लिलाव झाला, त्यांना 2020 मधे नोबेल मिळालं. आपल्याकडे 2008 मधे 2जी 'पहिला येईल त्याला' पद्धतीने वाटलं, त्यातली 122 लायसन्स सुप्रीम कोर्टाने 2012 मधे रद्द केली. उलट 2010 चा 3जी लिलाव सगळ्या सर्कलचा, म्हणजे मोबाइल सेवेसाठी देशाचे पाडलेले विभाग, त्या सगळ्यांचा एकाच वेळी, फेरी फेरीने झाला, 34 दिवस, 183 फेऱ्या, आणि 67 हजार कोटींच्या वर रक्कम.

आणि ते दोन कैदी कायद्यात शिरले. 2009 पासून धंद्यातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या आपल्या कॉम्पिटिशन कमिशनकडे संगनमताची माहिती घेऊन जी कंपनी पहिली येईल तिला दंडात 100 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, दुसरीला 50, तिसरीला 30 पर्यंत, माहिती मात्र कामाची हवी. म्हणजे शेजारचा आधी तोंड उघडेल ही भीती मुद्दाम पेरलीये. या तरतुदीखाली पहिला आदेश निघाला जानेवारी 2017 मधे, रेल्वेला पंखे पुरवणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रकरणात, आणि तोंड उघडणारीला 75 टक्के दंड माफ झाला.