एकाच कळपावरचे दोन शास्त्रज्ञ

अलास्कातल्या बेशुद्ध अस्वलाशेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा फोटो दिसला की खाली ठरलेली ओळ असते: ‘वन्यजीव व्यवस्थापन करणारे शास्त्रज्ञ’. तो माणूस बहुतेकदा संशोधक असतो. व्यवस्थापनवाल्याचा, म्हणजे किती शिकार करू द्यायची हे सुचवणाऱ्या सरकारी जीवशास्त्रज्ञाचा, खरा फोटो हवा असेल, तर तो वायव्य अलास्कातल्या कोट्झेब्यूसारख्या गावातल्या सभेत, घडीच्या खुर्चीवर बसून लोकांची बोलणी खाताना काढावा लागेल.

संशोधक तुम्हाला ठाऊक आहे. रेडिओ कॉलर, रक्ताचे नमुने, एक नेमका प्रश्न, शेवटी शोधनिबंध. त्याच्यावर जास्त शब्द घालवत नाही.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. दोघंही राज्याच्या मत्स्य व शिकार विभागात असू शकतात. दोघांचं शिक्षण साधारण एकाच वळणाचं. दोघंही दोन माणसांच्या विमानात कोंबून घेऊन मूस (तिथली प्रचंड हरणं) मोजतात. एक रानात आणि दुसरा कचेरीत, हा समज तर सोडूनच द्या. वर ‘जनावरांवर प्रेम असेल तर ही नोकरी करा’ असा सल्ला देणारे भेटतात. प्रेम असावंच, पण या कामात जनावरांपेक्षा माणसं जास्त भेटतात.

खरी गफलत पुढे आहे. वायव्य अलास्कातला ‘वेस्टर्न आर्क्टिक’ हा कॅरिबूंचा, म्हणजे उत्तरेकडच्या रानटी रेनडिअरांचा, कळप घ्या. २००३ मध्ये तो सुमारे ४,९०,००० होता, २०२३ मध्ये सुमारे १,५२,०००. हा आकडा काढायची रीतही बघण्यासारखी आहे. जुलैत डास आणि माश्यांनी हैराण झालेले कॅरिबू एकमेकांना चिकटून दाट घोळके करतात. कॉलर लावलेल्या जनावरांच्या मागावर विमानं त्या घोळक्यांवर पोचतात, वरून फोटो काढतात आणि मग महिनोन्‌महिने त्या फोटोंतली डोकी मोजली जातात. डासांचा एवढा उपयोग दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.

इथवर दोघांचं काम एकच. आकडा हाती आला की वाटा फुटतात. संशोधक विचारतो, असं का झालं? माद्या कशाने मरताहेत? हिवाळ्यात पाऊस पडून जमिनीवर बर्फाचं कवच बसलं, तर खालच्या लायकेनपर्यंत (दगडफुलासारखं त्यांचं हिवाळी खाणं) त्यांचे खूर पोचतात का? उत्तराला पाच वर्षं लागली तरी चालतात, आणि ‘अजून माहिती हवी’ हे त्याच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर ठरतं.

व्यवस्थापनवाला हेच वाक्य बोलला, तर तोसुद्धा एक निर्णयच होतो. कारण काही न ठरवणं म्हणजे जुना नियम चालू राहणं. इथला जुना नियम स्थानिक रहिवाशांना दिवसाला पाच कॅरिबूंची मुभा देणारा होता. शोधनिबंधाची वाट बघत बसलं तरी शिकार थांबत नाही. म्हणून अर्धवट माहितीवर, ठरलेल्या तारखेच्या आत, त्याला काहीतरी सुचवावंच लागतं. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग ‘पुरेसा अभ्यास न करता नियम केला’ म्हणून ओरडतात.

शिवाय पाऊस आणि बर्फ त्याच्या हातात नाहीत. हातात आहे ती शिकार. म्हणून त्याचं गणित ‘का’पेक्षा ‘कोणतं जनावर’ याभोवती फिरतं. एक नर गेला तर उरलेले नर बऱ्याच अंशी त्याची जागा भरून काढतात. मादी गेली की तिची पुढची सगळी वासरंही जातात, आणि कॅरिबूची मादी वर्षाला एकच वासरू देते. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेला नियम याच हिशेबाचा: वर्षाला १५ कॅरिबू, त्यांत मादी फार तर एक. कागदावर ही एक ओळ आहे. तिथल्या मूळ रहिवासी इन्युपियाक लोकांच्या घरात मात्र तो हिवाळ्याच्या मांसाचा प्रश्न आहे, आणि दुकानातलं मांस तिथे विमानाने येतं. त्या सभेतली बोलणी म्हणूनच रास्त असतात, असं माझं मत.

आणि कृपा करून ‘नियम त्याने केला’ म्हणू नका. नियम करतं ते सात सदस्यांचं ‘बोर्ड ऑफ गेम’. सदस्य गव्हर्नर नेमतात, विधिमंडळ त्यांना मंजुरी देतं. जीवशास्त्रज्ञ आकडे मांडतो, शिफारस करतो. गरज पडल्यास विभाग तातडीच्या आदेशाने हंगाम बंद करू शकतो, पण तो अपवाद. केंद्र सरकारच्या जमिनींवरच्या निर्वाहाच्या, म्हणजे पोटापुरत्या, शिकारीचे नियम १९९० पासून वेगळे होतात, आणि अलास्कात अशी जमीन निम्म्याहून जास्त आहे. ध्रुवीय अस्वलं तर राज्याकडे नाहीतच, ती केंद्राच्या अखत्यारीत. नियम मोडणाऱ्याला पकडणं हे वन्यजीव पोलिसांचं काम.

दोघांची गाठ पुन्हा पडते ती एका दातापाशी. तपकिरी अस्वल मारलं की शिकारी कवटी आणि कातडं नोंदणीला आणतो. व्यवस्थापनवाला कवटी मोजतो, एक छोटी दाढ काढून घेतो, कातड्याला सील ठोकतो. दाढेच्या छेदात झाडासारखी वलयं दिसतात, त्यांवरून वय कळतं. अशा शेकडो दाढा साठल्या की संशोधकाला त्यांत कळपाचा नव्हे, पण अस्वलांच्या पिढ्यांचा आलेख दिसू लागतो. दारात उभ्या शिकाऱ्याचा प्रश्न मात्र वेगळाच असतो: पुढच्या वर्षी हंगाम कधी उघडणार?