चुओ-कू, सप्पोरो : प्रेक्षणीय स्थळे

जपानच्या होक्काइदो बेटावरील सप्पोरो शहराचा मध्यवर्ती प्रभाग. जपानी भाषेत ‘चुओ’ म्हणजे मध्य आणि ‘कू’ म्हणजे प्रभाग. शहराचे प्रभाग १९७२ मध्ये, हिवाळी ऑलिंपिक झाले त्याच वर्षी पाडण्यात आले. परंतु येथील बहुतेक जुन्या वास्तू मेइजी काळात (१८६८–१९१२) होक्काइदोत वसाहत उभारणाऱ्या शासकीय खात्याच्या आणि त्यानंतरच्या प्रशासनाच्या आहेत.

शहराची आखणी बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. ओदोरी हा रुंद पट्टा आणि सोसेइ हा कालवा हे तिचे दोन अक्ष असून पत्तेही त्यांच्यापासूनच मोजले जातात. उत्तरेकडील सरकारी कचेऱ्या व दक्षिणेकडील वस्ती यांच्यामध्ये आग पसरू नये म्हणून १८७१ मध्ये मोकळी सोडलेली ओदोरीची जागा आज सुमारे दीड किलोमीटर लांबीचे उद्यान झाली आहे. १९५० मध्ये शाळकरी मुलांनी येथे बर्फाची सहा शिल्पे उभारली आणि त्यातूनच आजचा हिमोत्सव सुरू झाला. उन्हाळ्यात त्याच जागी गाड्यांवर सोया सॉस लावून भाजलेली मक्याची कणसे मिळतात. उद्यानाच्या पूर्व टोकाला १४७ मीटर उंचीचा दूरदर्शन मनोरा (१९५७) आहे.

घड्याळ-मनोरा हे शहराचे बोधचिन्हच म्हणावे लागेल. ही लाकडी इमारत १८७८ मध्ये कृषी महाविद्यालयाच्या कवायतीसाठी बांधली गेली. बॉस्टनहून मागवलेले घड्याळ छतावरच्या छोट्या घंटाघरात मावेना, तेव्हा मनोराच नव्याने बांधून १८८१ मध्ये ते बसवण्यात आले. लोलक व वजनांवर चालणाऱ्या या घड्याळाला आजही हातानेच चावी द्यावी लागते. उंच इमारतींच्या कोंडाळ्यात मनोरा ठेंगणा दिसतो, म्हणून ‘निराशा करणारे स्थळ’ अशी थट्टा जपानी पर्यटक करतात. मात्र ती काहीशी अन्यायकारक आहे, कारण पाहण्यासारखे आहे ते आतले यंत्र. दर्शनी भागावरील लाल पंचकोनी तारा हे वसाहत खात्याचे ध्रुवताऱ्यावरून घेतलेले चिन्ह होय. तोच तारा जवळच्या लाल विटांच्या जुन्या शासकीय भवनावरही (१८८८) दिसतो. १९०९ च्या आगीत या भवनाचा अंतर्भाग जळाला व १९११ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली.

याखेरीज निजो बाजार, सुसुकिनो हा रात्री गजबजणारा भाग आणि नाकाजिमा उद्यानातील होहेइकान (१८८०) हे पाश्चात्त्य धाटणीचे अतिथिगृह याच प्रभागात आहेत. पश्चिमेला मारुयामाच्या पायथ्याशी होक्काइदो जिंगू हे शिंतो मंदिर असून त्यापलीकडे ओकुरायामा ही ऑलिंपिकमधील स्की-उडीची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून ओदोरीचा पट्टा शहराच्या मधोमध सरळ रेषेत दिसतो.