उपाशीपोटी इन्सुलिन चाचणी

रात्रभर, साधारणपणे ८ ते १२ तास, पाण्याखेरीज काहीही न घेता सकाळी दिलेल्या रक्तातील इन्सुलिन या संप्रेरकाचे प्रमाण ठरविणारी प्रयोगशालेय चाचणी. बोलण्यात तिला सर्रास ‘फास्टिंग इन्सुलिन’ म्हणतात. उपाशीपोटीच्या साखरेची चाचणी आणि ही चाचणी एकाच वेळी, एकाच सुईने होत असली तरी मोजले जाणारे पदार्थ वेगळे आहेत. पहिलीत रक्तातील ग्लुकोज कळते. ते ग्लुकोज आवाक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला किती राबावे लागते, याचा अंदाज दुसरीत येतो.

‘उपाशीपोटी’ या शब्दाविषयी थोडे सांगणे भाग आहे. कोल्हापूर भागात रक्त ‘अनशापोटी’ द्यायचे असते. हा शब्द संस्कृत ‘अनशन’ (अन् + अशन, न खाणे) याच्याशी संबंधित असावा आणि चाचणीच्या दृष्टीने तोच सर्वांत नेमका आहे. ‘उपवास’ हा शब्द मात्र येथे घात करतो. मराठी घरातला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, वरी-आमटी, रताळे आणि दिवसभराचा चहा. इन्सुलिनच्या दृष्टीने हे चांगले भरपेट जेवण होय, कारण यांतील बहुतेक पदार्थ पिष्टमय आहेत. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवसांचे किंवा उठता-बसता उपवास धरणारा माणूस ‘मी उपाशीच आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि तरीही नमुना निकामी ठरू शकतो. उलट, फार लांबलेल्या कडक उपवासाने इन्सुलिन नेहमीपेक्षा खाली जाते, तेव्हा तोही नमुना रोजच्या स्थितीचा मानता येत नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन ‘अन्न नाही घेतलं’ म्हणणे हा याच गैरसमजाचा आणखी एक नमुना.

इन्सुलिन हे ५१ ॲमिनो अम्लांचे प्रथिन असून त्याच्या ‘अ’ साखळीत २१ व ‘ब’ साखळीत ३० अम्ले असतात. ते स्वादुपिंडातील लँगरहान्स द्वीपकांच्या बीटा कोशिकांत तयार होते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य जेमतेम ४ ते ६ मिनिटांचे असते. स्वादुपिंडातून निघालेल्या इन्सुलिनापैकी सुमारे निम्मे पहिल्याच फेरीत यकृत काढून घेते, म्हणजे दंडातून काढलेल्या रक्तात दिसते ती उरलेली शिल्लक. शिवाय स्रवण संथ धारेसारखे नसून काही मिनिटांच्या अंतराने लाटांनी होते. पाच मिनिटे आधी किंवा नंतर सुई टोचली तर आकडा थोडा बदलेल, हे चाचणी वाचणाऱ्याने धरून चालावे.

मोजणीचा इतिहास मधुमेहाच्या इतिहासापेक्षा बराच अलीकडचा आहे. १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहींचे इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन गट पाडले, परंतु रक्तातील इन्सुलिन थेट मोजण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. त्यानंतरही बराच काळ प्राण्यांच्या ऊतींवर रक्तद्रवाचा परिणाम पाहून अंदाज बांधला जाई. रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले इन्सुलिन रुग्णांना दिले, तेव्हा इन्सुलिनचे उपचार झालेल्यांच्या रक्तात ते अपेक्षेपेक्षा जास्त वेळ टिकते असे त्यांना आढळले. त्याला बांधून ठेवणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) रक्तात असतात, हा त्यांचा निष्कर्ष. एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयारच होत नाहीत अशी तेव्हाची समजूत होती. एका नियतकालिकाने निबंध परत पाठविला. दुसऱ्यानेही आधी नकार दिला आणि मग शीर्षकातून ‘इन्सुलिन प्रतिपिंड’ हे शब्द काढायला लावून तो १९५६ मध्ये छापला. ज्या बंधनामुळे वाद झाला, त्याचाच मोजपट्टी म्हणून उपयोग करून त्यांनी १९५९-६० च्या सुमारास मानवी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धत प्रसिद्ध केली. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले, यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या नियतकालिकाचे नकाराचे ते पत्र त्यांनी जपून ठेवले होते आणि आपल्या नोबेल व्याख्यानात दाखविले. आजच्या यंत्रांत किरणोत्सर्ग नाही, दोन प्रतिपिंडांच्या मध्ये इन्सुलिन पकडून प्रकाश मोजतात. प्रतिपिंडाने इन्सुलिन पकडण्याचे तत्त्व मात्र तेच.

एककांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अहवालांतील बराच गोंधळ तेथूनच सुरू होतो. इन्सुलिनचे एकक मुळात वजनाचे नाही, परिणामाचे आहे. आरंभी ते उपाशी सशाच्या रक्तातील साखर किती उतरते यावरून ठरविले गेले. पुढे शुद्ध इन्सुलिन हाती आल्यावर एकक आणि वजन यांची सांगड घातली गेली, पण ती दर वेळी सारखी नव्हती. एका मिलिग्रॅममध्ये २४ एकके आणि रेणुभार ६,००० असे धरले, तर १ मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर म्हणजे ६.९४५ पिकोमोल प्रति लिटर होतात. मानवी इन्सुलिनचा रेणुभार ५,८०८ आणि एका एककाचे वजन ०.०३४७ मिलिग्रॅम धरले, तर तेच उत्तर ६.०० च्या जवळ येते. दोन्ही गुणक पुस्तकांत, संगणकीय गणकयंत्रांत आणि काही अहवालांच्या तळटिपांत शेजारी शेजारी नांदतात. ६.०० हा मानवी इन्सुलिनच्या प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेला असल्याने तोच धरावा, असे या विषयावर लिहिणाऱ्यांचे मत दिसते व ते योग्य वाटते. ६.९४५ हा केवळ सवयीने टिकून राहिलेला आहे. फरक किती पडतो? प्रयोगशाळेने ९६ पिकोमोल लिहिले, तर एका गुणकाने १६ मायक्रोयुनिट होतात आणि दुसऱ्याने १३.८. रुग्ण तोच, रक्त तेच. त्यात भर म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच नमुन्याला वेगवेगळे आकडे देतात. जुन्या पद्धतींत इन्सुलिनचे पूर्वरूप असलेले प्रोइन्सुलिनही मोजले जाई, त्यामुळे आकडा फुगत असे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या कृतिगटाने १९९६ मध्ये या विसंगतीवर अहवाल दिला. त्यानंतर सुधारणा झाल्या, पण सर्व प्रयोगशाळांना लागू पडेल अशी एकच सीमारेषा अद्याप नाही. अहवालावर ‘सामान्य’ म्हणून साधारण २ ते २५ मायक्रोयुनिट असा ऐसपैस पल्ला छापलेला असतो तो यामुळेच.

नुसत्या इन्सुलिनपेक्षा साखर व इन्सुलिन एकत्र पाहावे, हा विचार ‘होमा-आयआर’ या निर्देशांकाच्या मुळाशी आहे. डेव्हिड मॅथ्यूज, रॉबर्ट टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ऑक्सफर्ड येथे १९८५ मध्ये मांडला. साखर मिलिमोलमध्ये असेल तर साखर गुणिले इन्सुलिन भागिले २२.५, आणि आपल्याकडच्याप्रमाणे मिलिग्रॅममध्ये असेल तर भागिले ४०५. हा २२.५ आकाशातून पडलेला नाही. निरोगी तरुण माणसाची साखर ४.५ मिलिमोल व इन्सुलिन ५ मायक्रोयुनिट धरले की गुणाकार २२.५ येतो, म्हणजे अशा माणसाचा निर्देशांक १. साखर ९५ व इन्सुलिन १६ असल्यास उत्तर सुमारे ३.७५ येते. वर सांगितलेला दुसरा गुणक वापरला तर तेच ३.२ च्या आसपास उतरते. मूळ पद्धतीत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन त्यांची सरासरी अपेक्षित होती. व्यवहारात एकाच नमुन्यावर भागते, आणि नंतर दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर घरी चर्चा होते. इन्सुलिनरोधाचे (शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही त्या स्थितीचे) खरे मोजमाप म्हणून संशोधनात जी शिरेवाटे ग्लुकोज व इन्सुलिन देण्याची ‘क्लॅम्प’ पद्धत (डीफ्राँझो व इतर, १९७९) मानतात, ती तासन्‌तास चालते. रोजच्या दवाखान्यात तिला जागा नाही.

भारतीयांमध्ये उपाशीपोटीचे इन्सुलिन युरोपीयांपेक्षा जास्त का आढळते, यावर एकमत नाही. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. दुष्काळात तगून राहण्यास उपयोगी पडलेले जनुक सुकाळात अंगाशी येते, असा तिचा आशय. हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये जनुकाऐवजी गर्भावस्थेतील कुपोषणाकडे बोट दाखविले. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचे आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. मात्र पुण्याच्या बाळांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. लंडन येथील बाळांच्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त सापडले (२००२). म्हणजे ही प्रवृत्ती निदान काही अंशी जन्मापासूनच दिसते. २००४ मध्ये याज्ञिक आणि जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली: दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. नील यांच्या कल्पनेला आधार देणारे जनुक ठामपणे हाती लागलेले नाही, तेव्हा गर्भावस्थेचे स्पष्टीकरण अधिक वजनदार वाटते. अर्थात आनुवंशिकतेचा वाटा त्यामुळे शून्य ठरत नाही. आधी इन्सुलिनरोध आणि मग भरपाई म्हणून वाढलेले इन्सुलिन, हा क्रम जेरल्ड रीव्हन यांच्या १९८८ च्या मांडणीपासून रूढ आहे. बार्बरा कॉर्कींसारखे काही संशोधक तो उलटा असू शकतो असे म्हणतात. उपाशीपोटीच्या एका आकड्यावरून हा वाद सुटणार नाही. कोल्हापुरात ‘तब्येत’ या शब्दाचा अर्थ तालमीत कमावलेले अंग असा होतो आणि जाडजूड माणसालाच साखर लागते असे मानले जाते. सडपातळ माणसाचा आकडा वर आला की घरात अविश्वास दिसतो, तो यामुळे.

महाराष्ट्रात ही चाचणी सामान्य माणसाच्या तोंडी आली ती आहारविषयक चळवळीमुळे. नागपूरचे श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रचार केला. दर वेळच्या खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, असा त्यांचा युक्तिवाद. आहार सुरू करण्यापूर्वी व तीन महिन्यांनी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) तपासण्यास सांगितले जाते. थोडेथोडे वारंवार खावे असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांशी यावरून बराच वाद झाला. आहाराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, एकाच माणसाचे एकाच प्रयोगशाळेतील दोन आकडे ताडून पाहणे हे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा शास्त्रीयदृष्ट्या अधिक समर्थनीय आहे.

मधुमेहाचे निदान या चाचणीने होत नाही. त्यासाठी उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक, असे निकष आहेत. इन्सुलिन कमी आले म्हणजे सुटलो, असेही नाही. जुन्या मधुमेहात बीटा कोशिका थकल्या की आकडा खाली येतो, आणि साखर वर असताना तो खाली असणे ही चांगली बातमी नव्हे. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमली पट्टा असेल (बायका तो मळ समजून घासत बसतात) तर इन्सुलिनरोधाची शंका या चाचणीआधीच घेता येते. हिला निर्विवाद महत्त्व आहे ते एका दुर्मीळ आजारात. इन्सुलिनोमा या गाठीत साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असतानाही इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा त्याहून जास्त राहते. तपासासाठी रुग्णाला दवाखान्यात देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात.

नमुन्याबाबत थोडे. कोल्हापूरच्या राजारामपुरी, शाहूपुरीतील लहान प्रयोगशाळा रक्त घेतात आणि कित्येकदा मोजणी अन्यत्र होते. रक्तद्रव वेळेत वेगळा करून थंड ठेवणे म्हणून महत्त्वाचे. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील विकर (एन्झाइम) इन्सुलिनचे तुकडे करते व आकडा खोटा कमी येतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेनेही काही यंत्रांत असेच होते. गोळी चालू असल्यास आधी सांगावे. पहाटे रंकाळ्याभोवती जोरात फेऱ्या मारून थेट टेबलावर बसू नये. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांत बाहेरून दिलेले व शरीराचे इन्सुलिन वेगळे करणे अवघड असते, काही यंत्रे कृत्रिम प्रकार मोजतात तर काही मोजत नाहीत. अशा रुग्णांत सी-पेप्टाइड, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होताना त्याच्याबरोबर सुटणारा तुकडा, तपासतात.