एलकॅट: कोलेस्टेरॉलला गाभ्यात ढकलणारे विकर

एकूण कोलेस्टेरॉल मोजताना प्रयोगशाळेतले अभिक्रियाक आधी मोडतोड करते. त्यातले कोलेस्टेरॉल एस्टरेज मेदाम्लाला जोडलेले कोलेस्टेरॉल सुटे करते. मग कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज त्या सुट्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करते, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, त्यातून गुलाबीसर रंग उमटतो आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा काढतात. म्हणजे अहवालात छापलेला आकडा हा जोडलेले आणि सुटे हा भेद पुसून टाकल्यानंतरचा असतो. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात मात्र सुमारे दोन तृतीयांश कोलेस्टेरॉल एस्टर रूपात, म्हणजे मेदाम्लाशी जोडलेले असते. ही जोडणी बहुतांशी एकटे एक विकर (एन्झाइम) करते: लेसिथिन-कोलेस्टेरॉल एसिलट्रान्सफरेज. नाव उच्चारताना दमछाक होते, म्हणून अभ्यासक त्याला एलकॅट म्हणतात. आपणही तेच म्हणू.

या जोडणीने साधते काय? कोलेस्टेरॉलच्या रेणूला एका टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो. तेवढेच टोक पाण्याशी जमवून घेते, बाकी सगळा रेणू तेलकट. म्हणून सुटे कोलेस्टेरॉल मेदप्रथिनांच्या, म्हणजे रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या कणांच्या पृष्ठभागावरच राहते, टोक पाण्याकडे करून. एलकॅट नेमक्या त्याच टोकाला मेदाम्ल चिकटवते. मग त्या रेणूला पृष्ठभागावर राहण्याचे कारणच उरत नाही आणि तो कणाच्या तेलकट गाभ्यात सरकतो. वर जागा रिकामी होते आणि पेशींकडून आलेले आणखी कोलेस्टेरॉल तिथे सामावते. यांतला एक प्रकार एचडीएल, ज्याला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात. नव्याने तयार झालेला एचडीएल कण चकतीसारखा चपटा असतो: फॉस्फोलिपिडांचा (फॉस्फेट असलेल्या मेदरेणूंचा) दुहेरी थर आणि कडेने गुंडाळलेले एपोए-1 हे प्रथिन. एस्टर साठू लागले की ही चकती हवा भरल्या चेंडूसारखी फुगून गोल होते. एलकॅट नसेल तर ती चकतीच राहते.

रक्तद्रव शरीराच्या तापमानाला नुसता ठेवला तरी त्यातले सुटे कोलेस्टेरॉल कमी होत जाते, आणि आधी तापवलेल्या रक्तद्रवात तसे होत नाही, हे वॉरन स्पेरी यांनी 1935 मध्येच नोंदवले होते. विकराचे काम आहे हे उघड होते, पण मेदाम्ल येते कुठून ते कळत नव्हते. पेशीच्या आत अशी जोडणी करायची तर मेदाम्लाला आधी एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून कोएन्झाइम-ए या रेणूशी बांधून तयार ठेवावे लागते. पेशीबाहेरच्या रक्तद्रवात ही सोय नाही. 1962 मध्ये जॉन ग्लोमसेट यांनी कोडे सोडवले. मेदाम्ल येते ते शेजारच्याच लेसिथिन या फॉस्फोलिपिडामधून. लेसिथिनमधला तयार एस्टर बंध तोडायचा आणि तोच मेदाम्लाचा तुकडा कोलेस्टेरॉलवर बसवायचा. नवी ऊर्जा लागत नाही, एका बंधाच्या बदल्यात दुसरा बंध. मागे उरते लायसोलेसिथिन. मला या विकरातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते: जिथे इंधन नाही तिथे चालेल अशी ही अभिक्रिया आहे.

एलकॅट मुख्यतः यकृतात तयार होते. त्यात 416 अमिनो आम्ले असतात, आणि त्यांवर साखरेच्या साखळ्या इतक्या की रेणूच्या वजनाचा चौथा हिस्सा त्यांचाच भरतो. रक्तद्रवात ते असते लिटरमागे जेमतेम पाच-सहा मिलिग्रॅम. प्रत्यक्ष कामाची जागा तीन अमिनो आम्लांची आहे: 181 क्रमांकाचे सेरीन, 345वे अॅस्पार्टिक आम्ल आणि 377वे हिस्टिडीन. लेसिथिनचे मेदाम्ल आधी या सेरीनवर येऊन बसते आणि तिथून कोलेस्टेरॉलवर उडी घेते. समोर कोलेस्टेरॉल नसेल तर पाणीच त्याची जागा घेते, आणि विकर फॉस्फोलिपेजसारखे, म्हणजे फॉस्फोलिपिड नुसते तोडणाऱ्या विकरासारखे वागून मेदाम्ल मोकळे सोडते. या जागेवर एक हलते झाकणही आहे. त्याची रचना 2015 च्या सुमारास स्फटिकांच्या अभ्यासातून दिसली.

एपोए-1 शेजारी नसेल तर हे विकर जवळजवळ थंडच पडते. मेदाम्लाच्या बाबतीतही त्याची आवड ठरलेली आहे: माणसाचे एलकॅट लिनोलिक आम्लाला पसंती देते, उंदराचे अरॅकिडोनिक आम्लाला. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लावताना हा फरक विसरू नये. शिवाय एचडीएलमधले एस्टर एलडीएलसारख्या (‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात त्या) कणांकडे पोचवणारे सीईटीपी हे प्रथिन उंदरांच्या रक्तात नसतेच.

हे विकर नसले तर काय होते, ते 1967 मध्ये नॉर्वेत दिसले. कारे नोरुम आणि एगिल ज्योने यांनी एका कुटुंबातल्या बहिणींचा आजार नोंदवला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा धुरकट, रक्तक्षय, लघवीतून प्रथिने जाणे, आणि रक्तद्रवात कोलेस्टेरॉलचे एस्टर जवळजवळ नाहीत. जादा सुटे कोलेस्टेरॉल तांबड्या पेशींच्या आवरणात शिरते, त्या नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या दिसू लागतात आणि लवकर फुटतात. लायपोप्रोटीन-एक्स हे विचित्र कण मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, आणि अनेकांचे मूत्रपिंड तरुण किंवा मध्यम वयातच निकामी होते. प्रत्यारोपण केले तरी नव्या मूत्रपिंडात तेच साठू लागते, कारण बिघाड मूत्रपिंडात नसतोच.

1979 मध्ये स्वीडनमधून याचाच सौम्य भाऊ पुढे आला. डोळे उकडलेल्या माशासारखे पांढुरके दिसतात म्हणून त्याचे नावच मत्स्यनेत्र रोग पडले. यात मूत्रपिंड शाबूत राहते. कारण इथे एलकॅट एचडीएलवर काम करू शकत नाही, पण एलडीएल आणि त्याच्या भाईबंदांवर करत राहते.

दोन्ही आजारांत एचडीएल रसातळाला जाते, तेव्हा धमन्यांची अवस्थाही दोन्हींत सारखीच वाईट असावी असे कोणीही म्हणेल. तसे दिसत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेच्या धमन्यांच्या भिंतींची जाडी मोजली. एलकॅटच्या संपूर्ण कमतरतेच्या (नॉर्वेतल्या आजाराच्या) जनुकीय दोषाचे वाहक असलेल्यांत ती इतरांपेक्षा कमी निघाली, तर अर्धवट कमतरतेच्या (मत्स्यनेत्र रोगाच्या) वाहकांत जास्त. संपूर्ण कमतरतेत एचडीएलबरोबर एलडीएलही घटते. अर्धवट कमतरतेत एलडीएलवरचे एलकॅट चालू असते आणि एलडीएल तसे घटत नाही, हे त्यामागचे कारण मानले जाते.