हडकुळ्या मुलाच्या काळजीत गेलेली शंभर वर्षं

मूल जाड होतंय हे घरच्यांच्या ध्यानात सगळ्यात शेवटी येतं. गणवेश शिवणाऱ्या शिंप्याला ते दिसतं, पी.टी.च्या सरांना दिसतं. घरात मात्र ‘अंगाबांध्याचा आहे, आजोबांवर गेलाय’ एवढ्यावर विषय संपतो. बडोद्यात, वाडी-दांडिया बाजारच्या जुन्या मराठी घरांत, हे जरा जास्तच. लाडांनी मुलं बिघडली असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. आपल्या घरांची नजर घडली ती हडकुळ्या मुलाच्या धास्तीनं, आणि त्या धास्तीला सबळ कारण होतं.

विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत अजून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानची लोकसंख्या २४ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. दरबारी नोकरीतल्या मराठी कुटुंबांना त्याची झळ कमी लागली असेल, पण अन्नान्नदशा डोळ्यांसमोर होतीच. त्या पिढीनं नातवंडांना तूप वाढताना हात आखडता घेतला नाही, यात नवल ते काय!

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचं प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात लागू केलं, तसाच व्यायामालाही आश्रय दिला. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा त्यांचे शिष्य माणिकराव यांनी वाढवली. लाठी, मलखांब, कुस्ती शिकायला गुजरातभरातून तरुण इथे येत. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश १९३६ पासून निघू लागला तो बडोद्यातूनच. पण या साऱ्याचा रोख शरीर कमावण्यावर होता, उतरवण्यावर नव्हता. दूध, तूप, बदाम हा खुराक दंड-बैठका मारणाऱ्यासाठी होता. पुढच्या पिढ्यांची तालीम सुटली, खुराक तेवढा राहिला.

त्यानंतर आलं डब्यावरचं गुबगुबीत बाळ. दुधाच्या भुकटीच्या जाहिराती आणि सुदृढ बालक स्पर्धा यांनी निरोगी मूल म्हणजे गालांवर वळ्या असलेलं मूल हे पक्कं करून टाकलं. विद्वानांचं लक्षही तिकडेच होतं, आणि ते योग्यच होतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, हंसाबेन मेहता तिथल्या पहिल्या कुलगुरू. गृहविज्ञान शाखेत पोषणशास्त्राला तेव्हापासून मान. गुजरात सरकारनं १९८४ मध्ये शाळांत माध्यान्ह भोजन सुरू केलं. त्या जेवणाला लोह, जीवनसत्त्वं आणि जंतांच्या औषधाची जोड दिली तर काय फरक पडतो, यावर इथल्या तारा गोपालदास यांनी मोलाचं काम केलं. प्रश्न मात्र एकच होता: मूल कमी पडतंय का?

मोजण्याची साधनंही त्याच प्रश्नासाठी बनलेली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेच्या वाढीच्या तक्त्यावर वयाप्रमाणे वजनाचा ठिपका पडायचा. ठिपका खाली गेला की धावपळ, वर गेला की समाधान. उंची मोजलीच नाही तर उंच मूल आणि जाड मूल यांत फरक कसा कळणार? वजनाला उंचीच्या वर्गानं भागायची युक्ती बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकातच काढली होती. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तिला १९७२ मध्ये मिळालं. मुलांत हा आकडा वयाबरोबर बदलतो, म्हणून त्यांना तक्ता लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ मध्ये जे तक्ते दिले, त्यांत जादा वजन आणि लठ्ठपणा यांच्या रेषा मोठ्यांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवल्या आहेत, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० शी नाही.

त्यामागे पुण्याचं संशोधन आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्यांचे स्नायू कमी, पोट लहान. पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. म्हणजे काटकुळं दिसणारं बाळही चरबी राखून जन्माला येतं, आणि पुढे भरपूर खाणं मिळालं की मधुमेहाची वाट लवकर धरतं. ‘भरून निघू दे’ म्हणत अशा बाळाला ठासून भरवणं हा आपल्याकडचा सर्वांत प्रेमळ घोटाळा.

भरपूर खाणं मिळू लागलं ते नव्वदच्या दशकात. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि तळण स्वस्त झालं. केबल टीव्ही आला, पाच रुपयांची वेफर्सची पुडी आली, मैदानाची वेळ शिकवणीनं खाल्ली. बडोद्याचं फरसाणाचं वेड त्याआधीचं, पण तेव्हा तो रविवारचा थाट होता. इथली सेव-उसळच बघा: पांढऱ्या वाटाण्याचा रस्सा, वर लाल तरी, कांदा, मूठभर शेव आणि पाव. वाटाणा उत्तमच, पण तरी आणि शेव दोनदा मागून घ्यायची असते, आणि पाव कधी एकावर थांबत नाही. आता हे आठवड्यात कितीही वेळा होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये १.५ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के. आकडा लहान दिसतो, पण दुपटीहून जास्त झालाय.

उपचारात घर कसं आलं याची गोष्ट वेगळीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लठ्ठ मुलाच्या ग्रंथींत दोष आहे असं डॉक्टर धरून चालत; ‘ग्रंथींचा त्रास’ हे शब्द आपल्याकडे अजून ऐकू येतात. न्यूयॉर्कमध्ये हिल्डे ब्रुख या डॉक्टरीणबाईंनी अशी मुलं तपासली. बहुतेकांची उंची आणि वयात येणं अगदी व्यवस्थित होतं. ग्रंथी बिघडल्या असत्या तर तसं झालं नसतं. मग त्या घराकडे वळल्या, १९४० मध्ये कुटुंबावर लिहिलं आणि बराचसा ठपका आईवर ठेवला. दिशा बरोबर होती, सूर चुकला. तो सूर आपल्याकडेही आहे: नातवासाठी रोज संध्याकाळी फाफडा आणणार आजोबा, बोलणी खाणार सून.

ठपक्याची जागा कामानं घेतली ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टाइन यांच्यामुळे. त्यांनी खाण्याचे हिरवा, पिवळा, लाल असे गट पाडले आणि ६ ते १२ वर्षांच्या लठ्ठ मुलांची कुटुंबं तीन गटांत विभागली. आहार-व्यायामाची माहिती सगळ्यांना सारखी. पण एका गटात सवयी बदलण्याबद्दल शाबासकी मूल आणि पालक दोघांना, दुसऱ्यात फक्त मुलाला, तिसऱ्यात नुसती हजेरीला. दहा वर्षांनी, १९९० मध्ये निकाल आला. अपेक्षेहून जास्त असलेल्या वजनाची टक्केवारी पहिल्या गटात साडेसातनं घटली होती, दुसऱ्यात साडेचारनं वाढली होती, तिसऱ्यात चौदानं. १९९८ मध्ये इस्रायलच्या मोरिया गोलान यांनी तर मुलाला बाजूला ठेवून फक्त आईबापांनाच बोलावलं, आणि नुसत्या मुलांना बोलावण्यापेक्षा ते सरस ठरलं.

या अभ्यासांत घर म्हणजे आई, बाप आणि मूल. बडोद्यात पिंप आजीच्या ताब्यात, पाकीट काकाच्या, आणि ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणायला आत्या. डॉक्टरांकडे दोघंच जातात; आजीला खोलीबाहेर बसवलं तर अर्धं घर बाहेरच राहिलं. वाढत्या मुलाला बहुधा वजन उतरवावंही लागत नाही. ते तिथेच थोपवलं की उंची आपलं काम करते. आजीला हे सांगितलं तर तिची उपाशी मारण्याची भीती जाते, आणि तीच बाई मग ताकाचा पेला पुढे करते.

सरकारी नियम यानंतरचे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० चा. सीबीएसईनं शाळांत साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितलं ते २०२५ मध्ये. पण मुलांचा खाण्याचा खरा वेळ शाळा सुटल्यावर, संध्याकाळी सातच्या सुमाराला, शिकवणीच्या जिन्याखाली. तिथे खाण्याची लारी, म्हणजे हातगाडी, उभी असते, आणि फाटकाचा नियम तिथवर पोचत नाही.